विरोध नोंदवून मंजूर

मे महिना लागल्याचं मला कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. आधी बर्चची झाडं आणि मागोमाग गवत असा फुलोरा सुरू झाला, की सकाळी सलग आठ-नऊ शिंका, डोळ्यांना पाणी, आणि केमिस्टच्या रांगेत माझ्यासारखीच लाल नाकाची माणसं. फोनवर हे सांगितलं की बाबा नागपूरहून हसतात. "इथं आम्ही उन्हानं भाजून राहिलो, अन् तुला तिथं फुलं बाधून राहिली! ऐश आहे पोरी."

ऐश आहेच. मँचेस्टरला मे महिना म्हणजे रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा उजेड, कापलेल्या गवताचा वास, सतरा डिग्रीत शर्ट काढून हिरवळीवर पसरलेली पोरं, आणि त्या सगळ्यांच्या मधून, हातात रंगीत पेनांचा जुडगा घेऊन लायब्ररीकडे धावणारा परीक्षेचा मोसम. चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे राहतात. ट्राममध्ये कुणीतरी ओठ हलवत पाठांतर करत असतं. मी आता शिकत नाही. एका हॉस्पिटलच्या तक्रार विभागात बसून लोकांची गाऱ्हाणी टाइप करते. तरीही हे तुरे दिसले, की माझ्या अंगात वारं शिरतं आणि मी दोन स्टॉप आधी उतरून विद्यापीठाच्या बाजूने चालत जाते. तिथे तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे. तिच्या आतल्या खोलीत दोन वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या पाच दिवसांत, आम्ही अकरा जणांनी इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यात कायमची शांतता करून दाखवली होती.

हसू नका. आमची केतकी तेव्हाही हसली होती. केतकी माझी रूममेट, पुण्याची, आयटीतली; मागच्याच महिन्यात मी हॉस्टेल सोडून तिच्या फ्लॅटवर राहायला आले होते. तिला हे सांगितलं तेव्हा ती टोस्टवर लोणचं पसरत होती. "प्रज्ञा, आर यू सिरियस? आमच्या कोथरूडच्या सोसायटीत व्हिजिटर पार्किंगचं मॅटर सहा वर्षं सेटल होत नाहीये, आणि तू जेरुसलेमची वाटणी करणार? पाच दिवसांत? विथ टी ब्रेक?"

"चारच दिवस," मी म्हटलं. "शुक्रवारी चार वाजता सह्या."

आणि मी खरंच उड्या मारत होते. मला हुरळून जायला फार काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी बुद्धविहाराच्या सहलीची बस सातला निघणार असली, तर मी पाचला वेण्या घालून पायरीवर बसलेली असायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं बाबा म्हणायचे आणि स्वतःच डबा भरून माझ्या शेजारी येऊन बसायचे.

ती आमची परीक्षाच होती. संघर्ष आणि शांतता असा विषय, आणि त्याच्या शेवटी लेखी पेपरऐवजी पाच दिवसांच्या वाटाघाटी. चार जणांचं एक शिष्टमंडळ इस्रायलचं, चार जणांचं पॅलेस्टाईनचं, आणि तिघे मध्यस्थ. मध्यस्थांमध्ये मी लेखनिक. मसुदा मी लिहायचा, तो भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचा. शिकवायला मोयरा होत्या. त्या बेलफास्टच्या, साठीच्या, केस कापसासारखे. इथे शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते सहा महिने निघालं नव्हतं. मनात मी त्यांना मोयराबाई म्हणत असे, अजूनही म्हणते. त्यांचा एकच नियम कडक होता. शुक्रवारी चारला कागदावर प्रत्येकाची सही हवी, आणि सही स्वतःच्या खऱ्या नावाची. एक जरी नाव कमी असलं तर तो करार नाही, नुसता निबंध.

नापास कुणी होणार नव्हतं. करार मोडला तर का मोडला यावर लिहून गुण मिळवता येत होते. पण त्या एका नियमाने दोघींचा जीव टांगणीला लागला होता.

नूर नाब्लुसची. तिच्या आईचं माहेर गाझाचं, मामा अजून तिथे. डाना हैफाची, तिचा भाऊ राखीव दलातून लढाईवर गेलेला. सप्टेंबरात आम्ही तिघी एकाच हॉस्टेलच्या एकाच किचनमध्ये होतो. तिघींच्याही आया वांग्यावर जीव टाकणाऱ्या निघाल्या, आणि पहिला महिनाभर आम्ही दर रविवारी एकमेकींना आपापलं वांगं खाऊ घातलं. नूरची आई करते तो भात पातेल्यासकट ताटावर उलटा पाडायचा असतो. तो मोडू नये म्हणून आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या राहायचो. माझ्या सावजी मसाल्याने डानाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि तरी ती रस्सा ओरपत होती. मग ऑक्टोबर आला आणि तिकडे लढाई पेटली. डानाने एके दिवशी तिची भांडी उचलली आणि वरच्या मजल्यावरच्या किचनमध्ये नेऊन ठेवली.  तेव्हापासून मेपर्यंत वर्गात त्या दोघी अशा बसत, की मधल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या असाव्यात. रोज सकाळी नूर आधी फोन बघायची. मामाला पाठवलेल्या मेसेजवर एक टिक असली, की ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही. दोन टिका दिसल्या, की मला खोलीतूनच ओरडून सांगायची, "दोन!" मग आम्ही चहात साखर जास्त घालायचो.

शिष्टमंडळं ठरवायच्या दिवशी मोयराबाई म्हणाल्या, ज्याला जी बाजू झेपेल ती घ्या, जबरदस्ती नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. नूरने हात वर केला.

"मला इस्रायलच्या बाजूला बसवा. त्यांचे मुद्दे मला त्यांच्यापेक्षा चांगले पाठ आहेत. प्रत्येक तपासणी नाक्यावर ऐकलेत."

डानाचं तोंड लाल झालं. "मग मला पॅलेस्टाईनच्या बाजूला," ती म्हणाली. "बघू कोण चांगलं बोलतं."

ही झाली चुरस. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

सोमवार-मंगळवार काय दिवस होते! खोलीतला हीटर मे महिन्यातही बंद होत नव्हता म्हणून खिडक्या सताड उघड्या. खाली अंगणात कुणीतरी पत्त्याच्या कॅटसारख्या नोट्स पिसत बसलेलं. आत नूर उभी राहून विचारत होती, "रॉकेटच्या इशाऱ्याचा भोंगा वाजल्यावर हातात पंधरा सेकंद असतात. दोन मुलं आणि एक म्हातारी सासू. यातलं कुणाला आधी उचलायचं, हे तुमच्या मसुद्यात कुठल्या कलमात आहे?"  आणि समोरून डाना टेबलावर बोट आपटत, "मी परत यायचं म्हणते तेव्हा तुम्ही मला लगेच आकडा विचारता. किती जण? माझ्या आजीला घर होतं. अंगणात तिची धुण्याची दोरी होती. ती आकडा नव्हती!"

आजी अर्थात डानाची नव्हे. वाचून, विचारून, रात्री जागून तिने ती उभी केली होती. पण बोलून झाल्यावर तिने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. नूर तिच्याकडे न बघता कागदावर काहीतरी गिरवत होती. मी टाइप करत होते, बोटं पळत होती, त्या सगळ्या वेळात मला एकसुद्धा शिंक आली नाही. पाण्याचं कलम झालं. कैद्यांचं झालं. शाळेच्या पुस्तकांचं अर्धं झालं. घरी येऊन मी केतकीला इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की शेवटी तिने मला फ्रीजकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाली, "याला सांग, हा ऐकून घेतो."

घोडं अडलं बुधवारी, निर्वासितांच्या परतीच्या कलमावर. सकाळपासून तेच. कोण येणार, कुठे येणार, कुणाच्या परवानगीने. एकाच वाक्यातला एकच शब्द बारा वेळा बदलून झाला. दुपारचे दोन वाजले. सगळे दमले, गप्प झाले. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. कुणीतरी किटली लावली. आणि मी, प्रज्ञा, विहार कमिटीच्या सचिवांची मुलगी, मी काय केलं? कलमाखाली टाइप केलं: सर्वानुमते मंजूर.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीचे बाबा एकवीस वर्षं सचिव होते. पोस्टातून आले, चहा प्याले, की इतिवृत्ताची वही घेऊन बसायचे, आणि त्यांचं अक्षर थकलं की मी लिहायची. सातवीपासून. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ते दोन शब्द. सभेत लोक हमरीतुमरीवर यायचे, एकमेकांचे बाप काढायचे, पण एक क्षण असा यायचा की आवाज बसायचे, चटया गुंडाळायला लागायचे, चहाचे ग्लास आत यायचे. त्या क्षणी वहीत सर्वानुमते मंजूर लिहायचं असतं. कुणी विचारत नाही. चहा आला म्हणजे मंजूर. हे माझ्या बोटांत इतकं मुरलेलं होतं, की किटलीचा आवाज झाला आणि बोटांनी आपलं काम केलं.

फक्त नागपूरच्या वहीला भिंतीवरचा पडदा नव्हता.

"कोण सर्व?"

हे दोघींनी एकाच वेळी विचारलं. नूर उभी होती, डाना उभी होती. दोघींचीही बोटं पडद्याकडे. "कोण सर्व?" डाना पुन्हा म्हणाली. "मी हो म्हटलेलं नाही!" "मी तर अजिबात नाही!" नूर म्हणाली. "तुला वाटलं, आम्ही दमलो म्हणजे आम्हाला पटलं? हेच करतात सगळे. आम्ही दमायची वाट बघतात आणि मग लिहून टाकतात!" "अगदी हेच!" डाना म्हणाली.

आणि मग दोघी थांबल्या. कारण सात महिन्यांत पहिल्यांदा त्या एकमेकींना होकार देत होत्या.

मोयराबाईंनी माझी बाजू घेतली नाही. त्यांनी शांतपणे एक लॅपटॉप दोघींपुढे सरकवला. "लेखनिकाविरुद्ध लेखी हरकत द्या. दोघींची मिळून एकच." त्या दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या, खांद्याला खांदा लावून, आणि चाळीस मिनिटं माझी निंदा लिहिली. मध्येच नूर काहीतरी म्हणाली आणि डाना खुदकन हसली. मला रडू येत होतं. आणि खरं सांगू? त्याच वेळी आत कुठेतरी मला असा आनंद होत होता की खिडकीतून ओरडावं. या दोघी एका टेबलाशी बसल्या होत्या. मग माझी निंदा का होईना.

संध्याकाळी हिरवळीवर बसून बाबांना फोन लावला. जय भीम झालं, जेवणखाण झालं आणि मग मी भडाभडा सगळं ओकून टाकलं. बाबा पोट धरून हसले. "सर्वानुमते लिहून टाकलंस? तिथं? अगं, तिथं काय चटया गुंडाळून राहिले होते काय!" मग जरा वेळाने त्यांचा आवाज बदलला. "पण पोरी, तू रंगारींना कशी विसरली?"

रंगारीकाका! मी कपाळावर हात मारला. आमच्या कमिटीत एक रंगारीकाका होते. त्यांना कुठलाच ठराव पटायचा नाही. विहाराला पाण्याची टाकी बसवायची, तर जागा चुकली. वाचनालय सुरू करायचं, तर वेळ चुकली. आणि बाबांनी सर्वानुमते लिहिलं की ते वहीवर हात ठेवायचे. "सचिवसाहेब, माझा विरोध नोंदवा." मग बाबा तो शब्दन् शब्द लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे, रंगारीकाका मान डोलवायचे, आणि ठरावाखाली लिहिलं जायचं: विरोध नोंदवून मंजूर. दुसऱ्या दिवशी टाकी चढवायला पहिला खांदा त्यांचाच.

"मी एकदा विचारलं त्याला," बाबा म्हणाले, "का गा, तुला पटलं नव्हतं ना? तर म्हणतो, पटलं नाहीच. पण माझं म्हणणं वहीत आहे. आता काम करायला काय जातंय?"

गुरुवारी सकाळी मी पडद्यावर प्रत्येक कलमाखाली रिकामी जागा आखली. वर कलम. खाली विरोध, प्रत्येकाचा, आपापल्या शब्दांत, कितीही लांब. शिवाय रंगारीकाका समजावून सांगितले, इंग्रजीत, नागपूरच्या टाकीसकट. सांगताना माझे कान तापले होते. इतक्या मोठ्या दुःखापुढे मी वस्तीतली पाण्याची टाकी घेऊन उभी होते.

मोयराबाई पडद्यापाशी आल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे बेलफास्टला तीस वर्षांच्या रक्तपातानंतर करार झाला तेव्हा माझ्या वडिलांना तो पटला नाही. मरेपर्यंत नाही पटला. रोज सकाळी चहाबरोबर त्याला शिव्या घालायचे." त्यांनी चष्मा पुसला. "पण त्यांनी तो पाळला. टिकला तो त्यांच्यासारख्यांमुळे." आणि त्यांनी नियमात एक भर घातली: कलमं ज्या भूमिकेत बसलात त्या भूमिकेतून लिहायची, विरोध मात्र स्वतःचा, स्वतःच्या नावाने.

मग काय विचारता! धरणाचं दार उघडल्यासारखी कलमं सुटली. ज्याला आपला विरोध शब्दन् शब्द लिहिला जाणार हे कळलं, तो कलम अडवून धरेना. नूर इस्रायलची म्हणून एखाद्या कलमाला हो म्हणायची आणि लगेच माझ्याकडे वळून, नूर म्हणून, त्याच्याविरुद्ध दहा ओळी सांगायची. डानाचं तेच. मी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, "बरोबर?" विचारायची, आणि "बरोबर" आलं की पुढे. बिस्किटं संपली, कुणाच्या लक्षात आलं नाही. एका शिष्टमंडळातला एक लंडनचा मुलगा तर खुर्चीवर उभा राहून कलमांची संख्या पुकारत होता. संध्याकाळी करार सात पानांचा झाला आणि विरोध अकरा पानांचे. मी घरी ट्रामने गेले नाही, चालत गेले, जवळजवळ पळत. केतकीने दार उघडलं आणि माझं तोंड बघून म्हणाली, "ओके. जेरुसलेम झालं वाटतं. आता आमचं पार्किंग घे."

एकाच कलमाखालची जागा रिकामी होती. नववं कलम. ते डानाने मांडलं होतं, नूरने मान्य केलं होतं, आणि कुणीच विरोध सांगितला नव्हता. वर्षातून एक दिवस दोन्ही बाजूंनी एकत्र बसायचं. एकीने आपल्या गेलेल्या माणसांची नावं वाचायची, दुसरीने ऐकायची. मग दुसरीने वाचायची. बस्स, इतकंच.

शुक्रवारी साडेतीनला, शेवटची माझी सोडून, दहा सह्या व्हायला हव्या होत्या, आठ झाल्या होत्या. नूर बाहेर पॅसेजमध्ये उभी होती. तिच्यामागे डाना गेली, आणि डानाच्या मागे मी, कारण मला राहवेना.

"आई म्हणते, त्या कागदावर तुझं नाव नको," नूर म्हणाली. "म्हणते, कोण बघेल, काय अर्थ काढेल, कुणी सांगावं. नाव एकदा गेलं की परत आणता येत नाही." ती फोन मुठीत धरून होती. त्या दिवशी एकच टिक होती. "आणि कशासाठी? चार वाजता हा कागद कपाटात जाणार. त्याच्यासाठी मी आईला दुखवू?"

"माझ्या घरी तर माहीतच नाही मी कुठल्या बाजूला बसले ते," डाना म्हणाली. "भावाला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही."

मी तोंड उघडणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मिटून घेतलं.

"नववं कलम कपाटात जायला नको," डाना म्हणाली. "बाकीचं आपल्या हातात नाही. तेवढं आपण दोघी पाळू शकतो."

"दोघीच?"

"तू वाच, मी ऐकेन. मग मी वाचेन."

नूर पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघत होती. "मध्ये बोलायचं नाही."

"नाही."

"'पण' म्हणायचं नाही."

"तूही नाही."

चारला सात मिनिटं कमी असताना नूरने सही केली. चार पदरी नाव, तिचं, वडिलांचं, आजोबांचं, घराण्याचं. शांतपणे, एकेक अक्षर. डानाने केली. शेवटी लेखनिक म्हणून माझी. इथे आपल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांना गेलं की ओळख होताच कुणीतरी "आणि आडनाव?" असं गोड विचारतं, आणि ते कशासाठी विचारतात ते मला कळतं. म्हणून मला ठाऊक होतं की नाव लिहायला काय लागतं. बाबांनी शिकवलंय, लिहायचं तर पूर्ण लिहायचं. मी तीन पदरी लिहिलं. मोयराबाईंनी घड्याळ बघितलं आणि या बाईला मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं. आम्ही सगळे खाली हिरवळीवर धावलो. मी सलग बारा शिंका दिल्या आणि सगळ्यांनी मोजल्या.

नूरच्या आईने एकोणीस दिवस फोन उचलला नाही. नूर रोज चारला लावायची, वाजून वाजून बंद व्हायचा. विसाव्या दिवशी उचलला, आणि पहिला प्रश्न "जेवलीस का?" असा होता. आई कुठलीही असो. पण कागदाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात नूरचे मामा गेले. त्या दिवसानंतर टिका बघायचं काम उरलं नाही. नूर तेव्हा नोकरीसाठी बर्मिंगहॅमला राहायला गेली होती. डाना मँचेस्टरहून ट्रेनने गेली, हातात झाकलेलं पातेलं घेऊन. तो भात तिला धड उलटा पाडता आला नाही, म्हणून दोघींनी तो पातेल्यातूनच खाल्ला. मे महिन्यात नूरच्या किचनमध्ये आम्ही पाच जण बसलो आणि नववं कलम पाळलं. मी वही घेऊन नावं उतरवली. मध्ये कुणी बोललं नाही.

यंदाच्या मेमध्ये नूरचा मेसेज आला: चर्चचा हॉल मिळालाय, चाळीस खुर्च्या सांगितल्यात, वही आण. आणि खाली एक ओळ, आई येतेय. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिले. चाळीस खुर्च्या! बर्मिंगहॅमच्या ट्रेनमध्ये मला बसवेना. शेतं पिवळी झाली होती, डबाभर शिंका चालल्या होत्या, आणि माझ्या मांडीवर कोरी वही. मी बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "गुडघ्याला बांधलं वाटतं बाशिंग?" मी म्हटलं, "दोन्ही गुडघ्यांना."

हॉलमध्ये खुर्च्या अपुऱ्या पडल्या. कुणी लीड्सहून आलेलं, कुणी लंडनहून. नूरची आई बारीक, ताठ, मे महिन्यातही जाड कोट घातलेली. ती सरळ माझ्या टेबलाशी आली. ती अरबीत बोलली आणि नूर शेजारी उभं राहून, मान खाली घालून, सांगत गेली.

"आधी माझा विरोध लिहून घे. माझ्या मुलीने माझं न ऐकता नाव दिलं. तिकडे माणसं जातायत आणि इथे तुम्ही खुर्च्या मांडता. यातून काही होईल असं मला वाटत नाही. मला हे पटत नाही. लिहिलंस?"

मी लिहिलं होतं. वाचून दाखवलं, नूरने पुन्हा अरबीत सांगितलं. आईने मान डोलवली. मग तिने खाली आपलं नाव सांगितलं, पूर्ण, आणि मी ते नीट उतरवलंय की नाही हे नूरला दोनदा विचारलं. मला वाटलं आता ती दाराकडे जाईल. कोट अंगात होताच.

"पहिलं कोण वाचणार?" तिने विचारलं.

यंदा पाळी डानाची होती. ती उठली, कागद उलगडला. नूरच्या आईने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पहिल्या रांगेत बसली. डाना वाचू लागली. एकेक नाव, मध्ये एक श्वास, पुढचं नाव. मी लिहीत होते आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला मला काहीतरी ऐकू आलं म्हणून मान वर केली. नूरच्या आईचे ओठ हलत होते. डाना वाचेल ते प्रत्येक नाव ती तिच्यामागून हळू म्हणत होती, अनोळखी नाव नीट म्हणता यावं म्हणून आपण म्हणतो तसं. बावीस मिनिटं. शेवटच्या नावापर्यंत.

मग ती उठली. तिच्या हातात कागद नव्हता. तिने भावाचं नाव घेतलं, वडिलांसकट, आजोबांसकट. आणि पहिल्या रांगेतून डानाने ते तिच्यामागून म्हटलं.